पदार्थातच असलेला गुण आणि पेटंटची कसोटी

रासायनिक पदार्थांच्या पेटंटवरून जे वाद न्यायालयांत आणि पेटंट कार्यालयांत झडतात, त्यांतील बऱ्याच वादांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो. पदार्थ आधीपासून ठाऊक असतो, निदान ठाऊक असलेल्या पदार्थाच्या फार जवळचा असतो. त्याचा एखादा गुण मात्र पूर्वी कोणी मोजलेला किंवा लिहून ठेवलेला नसतो. असा गुण प्रथम मोजणाऱ्याला त्या पदार्थावर वीस वर्षांचा अनन्य हक्क मागता येतो काय, हा तो प्रश्न. पदार्थाच्या घडणीतूनच अटळपणे येणाऱ्या, म्हणजे तो पदार्थ तयार झाला की कोणी पाहो वा न पाहो आपोआप हजर असणाऱ्या गुणाला येथे अंगभूत गुणधर्म म्हटले आहे. त्या विषयातील सर्वसाधारण जाणकाराला उपलब्ध ज्ञानावरून जे सहज सुचले असते ते उघड, आणि जे उघड आहे त्याला पेटंट नाही, हा सर्वत्र मान्य असलेला नियम आहे. या दोन कल्पना स्वतंत्रपणे सोप्या वाटतात. त्या एकाच खटल्यात समोरासमोर आल्या म्हणजे मात्र अनुभवी न्यायाधीशांचीही वाट चुकलेली दिसते.

हा वाद केवळ कायद्याच्या ग्रंथांतला नाही, हे पनवेल परिसराचा नकाशा पाहिला तरी कळते. सिडकोने वसवलेल्या उलवे नोडच्या एका अंगाला न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर आहे, दुसऱ्या अंगाला काही अंतरावर तळोज्याची औद्योगिक वसाहत, तर पनवेलच्या पलीकडे हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्समुळे नावारूपाला आलेले रसायनी आणि सिप्लासारख्या औषध कंपन्यांचे कारखाने असलेले पाताळगंगा खोरे आहे. एखाद्या औषधाचा मूळ रेणू मोकळा झाला, पण त्याच्या क्षारावर किंवा स्फटिकरूपावर अजून कोणाचा हक्क आहे, अशा स्थितीत त्याचे उत्पादन सुरू करावे की नाही, हा निर्णय याच पट्ट्यातील कंपन्यांना घ्यावा लागतो आणि त्यावरच गोळीची किंमत ठरते. महाराष्ट्रातून होणारे पेटंट अर्ज मुंबईत अँटॉप हिल येथील पेटंट कार्यालयात तपासले जातात आणि तेथील निर्णयांवरील अपिले, बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ साली बरखास्त झाल्यापासून, थेट उच्च न्यायालयात जातात.

भारतीय पेटंट कायद्याने या प्रश्नासाठी एक नव्हे, चार दारे ठेवली आहेत. पहिले दार नावीन्याचे, म्हणजे ती वस्तू आधी जगापुढे आलेली नसावी. दुसरे शोधात्मक पायरीचे: कलम २(१)(जेए) प्रमाणे उपलब्ध ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्हीही हवे, आणि शिवाय ती गोष्ट जाणकाराला उघड नसावी. तिसरे दार कलम ३(डी) चे. ज्ञात पदार्थाचे क्षार, एस्टर, स्फटिकरूपे, समघटक, शुद्ध रूप, कणांचा आकार इत्यादी सर्व रूपे, परिणामकारकतेत लक्षणीय फरक नसल्यास, एकच पदार्थ समजावीत असे ते सांगते. चौथे कलम ३(ई) चे, ज्यानुसार घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होणारे मिश्रण शोध ठरत नाही. पारंपरिक ज्ञानासाठीचे कलम ३(पी) या चौथ्या दाराचेच भावंड असून तेही ज्ञात घटकाच्या ज्ञात गुणांच्या एकत्रीकरणाविषयीच बोलते. व्यवहारात ही दारे एकमेकांत उघडतात आणि अधिकारी एकाच वाक्यात तीन कलमांचा उल्लेख करून अर्ज फेटाळतात; ही सवय सोयीची असली तरी तिच्यामुळे नेमका कोणता दोष आढळला हे अर्जदारालाही कळत नाही आणि अपील ऐकणाऱ्या न्यायालयालाही.

महाराष्ट्राच्या मातीशी निगडित असे या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण म्युनिकमध्ये घडले. अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ साली कडुनिंबाच्या तेलाविषयी एक पेटंट दिले. क्लेमचे, म्हणजे हक्काची सीमा आखणाऱ्या कलमाचे, स्वरूप पाहण्याजोगे आहे: पाण्याशी न जुळणाऱ्या द्रावकाने काढलेले, अॅझाडिरॅक्टिन जवळजवळ नसलेले तेल ०.१ ते १० टक्के, तेल पाण्यात मिसळून ठेवणारा घटक ०.००५ ते ५ टक्के, उरलेले पाणी, आणि या फवाऱ्याने झाडांवरील बुरशीचे नियंत्रण. अॅझाडिरॅक्टिन हे कडुनिंबातील कीटकांना दूर ठेवणारे प्रसिद्ध द्रव्य असून ते हेक्झेनसारख्या द्रावकात फारसे विरघळत नाही. त्यामुळे अशा द्रावकाने तेल काढले की ते द्रव्य मागे चोथ्यात राहते आणि तेल त्याच्यापासून जवळपास मुक्त होते, मग कोणी त्याचे प्रमाण मोजलेले असो वा नसो. क्लेममधील ‘अॅझाडिरॅक्टिन नसलेले’ ही अट भारदस्त वाटते खरी, पण ती बऱ्याच अंशी काढण्याच्या पद्धतीचीच सावली आहे.

वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्फूट आणि सेंद्रिय शेती संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी १९९५ साली या पेटंटला हरकत घेतली. पारंपरिक ज्ञानाची चोरी हा मुद्दा वर्तमानपत्रांत गाजला. निर्णयाला आधार मिळाला तो मात्र पुराव्याच्या एका ठोस तुकड्याचा. अभय फडके या भारतीय उद्योजकाने साक्ष दिली की पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात कडुनिंबाच्या अर्काचे प्रयोग शेतांवर उघडपणे झाले होते. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि ८ मार्च २००५ रोजी अपीलही फेटाळले गेले. क्लेममधील बाबी आधीच लोकांपुढे आलेल्या होत्या आणि त्यात शोधात्मक पायरी नव्हती, असा त्या निष्कर्षाचा रोख होता. आजीबाईच्या बटव्यात कडुनिंब होता, एवढ्यावर भागले नाही. कोणी, कोठे, कोणत्या वर्षी, काय फवारले हे सांगावे लागले, ही गोष्ट या प्रकरणाचे गौरवगीत गाणारे बहुधा विसरतात. हळदीच्या प्रकरणातही तेच दिसते. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली मिळालेले, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे तेव्हा रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली असलेल्या संस्थेने, १९९७ साली रद्द करवून घेतले ते बत्तीस लेखी संदर्भ पुढे ठेवून.

अंगभूत गुणधर्माचा युक्तिवाद नावीन्याच्या दारात एका अर्थाने सरळ असतो. जुन्या कृतीने जे अटळपणे तयार होत होते ते जुनेच. ब्रिटनच्या उमरावांच्या सभागृहाने १९९५ साली मेरेल डाऊ विरुद्ध नॉर्टन या खटल्यात हा नियम बारकाईने मांडला. टर्फेनाडिन या अॅलर्जीवरील औषधाचे पेटंट संपल्यावर कंपनीने पुढचे पेटंट पुढे केले, ते त्या औषधाचे यकृतात जे आम्ल बनते त्या आम्लाचे होते. पूर्वीच्या चाचण्यांत स्वयंसेवकांच्या शरीरात ते आम्ल बनलेच होते, पण त्या वापरातून लोकांना त्याविषयी कोणतीही माहिती मिळाली नव्हती. म्हणून केवळ त्या वापराने पेटंट बाद होत नाही, असे न्यायालय म्हणाले. टर्फेनाडिनच्या जुन्या पेटंटमध्ये मात्र हे औषध घ्यावे अशी लेखी सूचना होती आणि ती पाळली की आम्ल बनणारच होते, म्हणून तेवढ्यापुरते नवे पेटंट टिकले नाही. भेद सूक्ष्म आहे, पण पोकळ नाही: पेटंटचा कायदा घडलेल्या घटनेपेक्षा लोकांच्या हाती आलेल्या माहितीकडे पाहतो.

शोधात्मक पायरीच्या दारात मात्र गुंता वाढतो, कारण येथे पदार्थ अजून कोणी बनवलेला नसतो. तो बनवणे सुचले असते काय, एवढेच विचारायचे असते. न बनलेल्या पदार्थाचा गुण त्याच्यात अंगभूत होता असे म्हणणे तर्काने बरोबर असले तरी त्याने जाणकाराला काही सुचवले नसते. अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाचे दोन निर्णय शेजारी ठेवले की ही अडचण नीट दिसते. हॉस्पिरा विरुद्ध फ्रेझेनियस या २०२० च्या प्रकरणात डेक्समेडेटोमिडिन या गुंगीच्या औषधाचे, दर मिलीलिटरला ४ मायक्रोग्रॅम इतक्या सौम्य प्रमाणाचे, काचेच्या बंद कुपीतील तयार द्रावण क्लेममध्ये होते, आणि अट अशी की पाच महिने ठेवल्यावर औषधाचे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक घटू नये. मूळ औषध १०० मायक्रोग्रॅमच्या तीव्रतेने येई आणि रुग्णालयात नेमके याच प्रमाणापर्यंत पातळ केले जाई. ते आधीच पातळ करून काचेत भरावे हे सुचणे अवघड नव्हते. तसे भरलेले द्रावण स्थिर राहते, हे तपासलेल्या प्रत्येक नमुन्यात दिसले. न्यायालयाने स्थिरतेची अट अंगभूत ठरवली आणि पेटंट गेले. उलट हनीवेल विरुद्ध मेक्सिकेम या २०१७ च्या प्रकरणात मोटारींच्या वातानुकूलनासाठी एक विशिष्ट शीतक वायू आणि एक विशिष्ट वंगण यांचे मिश्रण क्लेममध्ये होते. पेटंट मंडळाने मिश्रणाची स्थिरता अंगभूत आहे म्हणून तिला किंमत नाकारली, तेव्हा न्यायालयाने तो निर्णय रद्द करून प्रकरण परत पाठवले, कारण गुण अंगभूत असला तरी तो अनपेक्षित होता काय, हे पाहणे राहून गेले होते.

या दोन निर्णयांत वरकरणी विरोध दिसतो, पण प्रश्न योग्य क्रमाने विचारला तर तो बराचसा ओसरतो. आधी पदार्थापर्यंतची वाट पाहावी: जाणकार त्या पदार्थापर्यंत, त्या गुणाचा विचारही न करता, अन्य साध्या कारणाने पोहोचला असता काय? पोहोचला असता तर गुण त्याच्या पदरात फुकट पडतो आणि त्याचे मोजमाप कितीही कष्टाचे असले तरी ते शोध ठरत नाही. नसता पोहोचला, तर गुण अंगभूत होता म्हणून पेटंट नाकारणे म्हणजे पश्चातबुद्धीला कायद्याचे नाव देणे होय. रसायनशास्त्रात प्रत्येक गुण अखेर अंगभूतच असतो. तेवढ्यावर पेटंट नाकारायचे ठरवले तर एकही नवे संयुग उरणार नाही. याच न्यायालयाच्या पूर्वसुरींनी १९६३ साली पापेश प्रकरणात संयुग आणि त्याचे गुण ही पेटंट कायद्याच्या दृष्टीने वेगळी करता येणारी गोष्ट नाही असे म्हटले होते, ते याच अर्थाने आजही खरे आहे.

भारतात हा विचार प्रथम गंभीरपणे झाला तो मुंबईतच. मधुमेहावरील टॉलब्युटामाइड हे औषध गंधकयुक्त सल्फोनिलयुरिया वर्गातले. या वर्गाच्या पूर्वजांचा रक्तातील साखर उतरवण्याचा गुण १९४० च्या दशकात जंतुनाशक सल्फा औषधांच्या चाचण्यांत ध्यानात आला होता. जर्मनीच्या होएक्स्ट कंपनीने युनिकेम लॅबोरेटरीजविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, तेव्हा युनिकेमची बाजू परळच्या हाफकिन संस्थेत विकसित झालेल्या पद्धतीवर उभी होती. शोधात्मक पायरीचा अभाव, नावीन्याचा अभाव, निरुपयोगिता असे सर्व आक्षेप घेऊनही १९६९ च्या निर्णयसंग्रहात छापलेल्या निवाड्यात न्या. विमदलाल यांनी पेटंट वैध धरले आणि उल्लंघन झाल्याचे मानले. मुंबईच्या सरकारी संस्थेने शोधलेली वाटही परदेशी पेटंटच्या कुंपणात अडकते, हे या उदाहरणातून दिसले, आणि १९७० च्या कायद्याने औषधांना मिळणारे वस्तू-पेटंटच काढून टाकले. ते १ जानेवारी २००५ पासून परत आले, आणि येताना कलम ३(डी) सोबत घेऊन आले.

या कलमाचा खरा अर्थ १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने नोव्हार्टिस प्रकरणात लावला. रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिबच्या मेसिलेट क्षाराचे बीटा नावाचे स्फटिकरूप हा विषय होता. हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि सिप्ला होती. हे रूप चांगले वाहते, ओलावा कमी धरते, उष्णतेत अधिक स्थिर राहते आणि शरीरात ३० टक्के अधिक उपलब्ध होते, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने पहिले तीन गुण हे साठवणुकीच्या आणि निर्मितीच्या सोयीचे ठरवले, आणि वाढीव उपलब्धतेमुळे रोगावर अधिक परिणाम होतो हे संशोधनाने दाखवलेले नाही असे म्हटले. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची क्षमता, हा अर्थ तेव्हापासून पक्का झाला. निवाड्यातील अधिक धारदार भाग मात्र दुसरा आहे. कंपनीने इमॅटिनिबवरील पूर्वीच्या झिमरमन पेटंटच्या बळावर ब्रिटनमध्ये नॅटको या हैदराबादच्या कंपनीचे मेसिलेट विकणे थांबवले होते. जे पेटंट इतरांना अडवताना क्षारापर्यंत पोहोचते, ते क्षार उघड करताना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही असे म्हणता येणार नाही, असा न्यायालयाचा पवित्रा होता.

हाच नियम दोन्ही बाजूंनी कसा कापतो हे महाराष्ट्राशी संबंधित पुढच्या दोन प्रकरणांत दिसते. मुंबईच्या ग्लेनमार्कने सिटाग्लिप्टिन या औषधाचा फॉस्फेट क्षार ‘झिटा’ या नावाने बाजारात आणला आणि आपला पदार्थ मूळ पेटंटमधील सिटाग्लिप्टिनहून वेगळा असल्याचा बचाव केला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २० मार्च २०१५ रोजी तो मानला नाही: औषधाचे काम सिटाग्लिप्टिनच करते, क्षार हे त्याला वाहून नेणारे रूप आहे. येथे ‘क्षार म्हणजे मूळ औषधच’ हे तत्त्व परदेशी पेटंटधारकाच्या कामी आले. आठ वर्षांनी मुंबईच्या पेटंट कार्यालयात तेच तत्त्व दुसऱ्या पेटंटधारकाच्या विरुद्ध उभे राहिले. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिनचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. जॅन्सेन कंपनीने त्याच्या फ्युमरेट क्षारावर आणि त्या क्षाराच्या औषधी मिश्रणावर वेगळा अर्ज केला होता, जो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. क्षयातून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी, तसेच एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या महाराष्ट्रातील संघटनेने मंजुरीपूर्व हरकत घेतली होती. २३ मार्च २०२३ रोजी अर्ज नामंजूर झाला. मूळ संयुगाच्या पेटंटमध्येच औषधाला चालणाऱ्या आम्लांच्या क्षारांचा उल्लेख असताना त्यांतील एक क्षार निवडणे आणि त्याला नेहमीच्या पूरक घटकांसह गोळीत बसवणे हे औषधनिर्मितीतील नित्याचे काम आहे. त्या क्षाराची स्थिरता किंवा विरघळण्याची क्षमता मोजून दाखवल्याने पदार्थापर्यंतची वाट अवघड ठरत नाही. सिटाग्लिप्टिनच्या वेळी या तत्त्वावर टाळ्या वाजवणाऱ्यांनी बेडाक्विलिनच्या वेळी नाक मुरडणे, आणि उलटही, यात वकिली असेल, सुसंगती नाही.

मिश्रणांच्या बाबतीत कलम ३(ई) ची मागणी आकड्यांत मांडता येते आणि शेतीच्या औषधांत ती तशी मांडलीही जाते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ठाऊक असलेले कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब यांचे मिश्रण घेतले तर पहिले झाडाच्या आत शिरते आणि दुसरे पानावर थर धरते; दोघांनी आपापले काम केले तर ती गुणांची बेरीजच. बेरजेपलीकडचे काही घडले काय, हे तपासण्यासाठी कोल्बी यांनी १९६७ साली मांडलेले सूत्र वापरतात. एका घटकाने एकट्याने ४० टक्के बुरशी आवरली आणि दुसऱ्याने ५० टक्के, तर अपेक्षित परिणाम ९० टक्के नव्हे, ७० टक्के असतो, कारण दुसरा घटक पहिल्यातून वाचलेल्या ६० टक्क्यांवरच काम करतो. प्रत्यक्षात ८५ टक्के मिळाले तर तो घटकांच्या एकमेकांना पूरक क्रियेचा पुरावा. ७२ मिळाले तर प्रयोगातील चढउतार. अर्जात हे आकडे नसतील, किंवा एकाच प्रमाणासाठी असतील आणि क्लेम मात्र १ ते ९० टक्क्यांच्या सर्व प्रमाणांवर असेल, तर आक्षेपाला जागा राहते आणि ती राहावीच.

मोठ्या वर्गाचे पेटंट आणि त्यातील एका संयुगाचे पेटंट यांचा झगडा हे याच प्रश्नाचे सर्वांत ताजे रूप आहे. डापाग्लिफ्लोझिन या औषधाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जुलै २०२१ मध्ये अशी भूमिका घेतली की दोन्ही पेटंटांमागे तोच संशोधक असेल तर त्याला वर्गातील आतले रहस्य ठाऊक असते, म्हणून उघडपणाची कसोटीही त्याच्या नजरेने लावता येते. ही भूमिका सदोष होती. कायद्यातील जाणकार हा काल्पनिक सर्वसाधारण माणूस असतो, संशोधक स्वतः नव्हे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने मेरुदंडाच्या स्नायुविकारावरील रिस्डिप्लाम प्रकरणात या विचाराशी असहमती नोंदवली. मात्र रोश कंपनीच्या जुन्या संयुगातील एका सीएच गटाच्या जागी नायट्रोजनचा अणू आणणे जाणकाराला सुचले असते, या निष्कर्षामुळे रोशची नॅटकोविरुद्धची अंतरिम मनाईची मागणी तरीही फेटाळली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. एक अणू बदलल्याने गुण किती बदलतो हे रसायनशास्त्रात आधी सांगता येत नाही, हा पेटंटधारकांचा आवडता युक्तिवाद अशा वेळी कमी पडतो, कारण तो अणू बदलून पाहणे हे औषधशोधातील रोजचे पाऊल असते.

बंदरापाशी मात्र या सगळ्या सूक्ष्मतेला फारशी जागा नाही. सीमाशुल्क खात्यासाठी २००७ साली केलेल्या बौद्धिक संपदा हक्क अंमलबजावणी नियमांत ट्रेडमार्क आणि कॉपीराइटसोबत पेटंटही होते. न्हावा-शेव्याला उतरलेल्या पिंपातील पांढरी भुकटी नेमक्या कोणत्या स्फटिकरूपाची आहे आणि ते रूप कोणत्या क्लेममध्ये बसते, हे धक्क्यावरच्या अधिकाऱ्याने ठरवावे अशी अपेक्षा त्यातून निर्माण झाली. २०१८ च्या दुरुस्तीने पेटंट त्या नियमांतून वगळले गेले आणि हा भार पुन्हा न्यायालयांकडे आला.

उरलेला अवघड भाग पुराव्याच्या तारखेचा आहे. अंगभूत गुण हा पदार्थात पहिल्या दिवसापासून असतो, पण त्याची मोजमापे बहुधा अर्ज दाखल झाल्यानंतर, हरकत आल्यावर प्रयोगशाळेत केली जातात. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने मार्च २०२३ मध्ये ठरवले की नंतरची मोजमापे नुसत्या उशिरामुळे बाजूला टाकता येणार नाहीत, मात्र तो परिणाम मूळ अर्जातील तांत्रिक शिकवणीतून जाणकाराला निघताना दिसला पाहिजे. कलम ३(डी) खाली परिणामकारकतेचा भार अर्जदारावरच असल्याने भारतात या प्रश्नाचे वजन अधिक आहे: अर्जात त्या गुणाचे नावही नसताना पाच वर्षांनी आलेल्या प्रतिज्ञापत्रातील आलेख ग्राह्य धरला तर पदार्थावरचा हक्क आधी आणि त्याचे कारण नंतर, असा उलटा क्रम रूढ होईल.